बायू: चोक्टॉ ओढा, फ्रेंच शब्द आणि ह्यूस्टनमधलं घर

वहाळकाठ (धागाकर्ता)

लुईझियाना किंवा ह्यूस्टनबद्दल मराठीत काही लिहिलं गेलं की 'बायू'ला सर्रास 'दलदल' म्हटलेलं दिसतं. मग 'बफेलो बायूला पूर आला' याचं 'बफेलो दलदलीला पूर आला' होतं, आणि दलदलीला पूर येतो म्हणजे नेमकं काय होतं ते वाचणाऱ्याने आपलं समजून घ्यायचं. बायू म्हणजे संथ, कधी कधी वाहतोय की नाही असा प्रश्न पडावा इतका संथ ओढा किंवा नदीचा फाटा. दलदल असलीच तर त्याच्या मागच्या अंगाला असते.

शब्द इंग्रजीत आला लुईझियानातल्या फ्रेंचांकडून, पण मुळात तो फ्रेंच नाही. मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यातल्या चोक्टॉ या मूळ अमेरिकी जमातीच्या भाषेत 'बायुक' म्हणजे लहान ओढा. तिथल्या वेगवेगळ्या जमातींमध्ये देवघेवीसाठी मोबिलियन नावाची मिश्र बोली चालायची, तिच्यातून तो फ्रेंचांच्या कानावर पडला. १६९९ मध्ये इबरव्हिल हा फ्रेंच शोधक मिसिसिपीच्या मुखातून वर सरकला तेव्हा त्याला भेटलेल्या एका जमातीचं नावच बायोगुला होतं: बायुक अधिक ओक्ला, म्हणजे ओढ्याकाठचे लोक. सुरुवातीच्या फ्रेंच लिखाणात शेवटचा 'क' टिकलेला दिसतो, पुढे तो गळाला. इंग्रजीत शब्द अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला.

जुन्या पुस्तकांत 'ब्वायो' म्हणजे आतडं या फ्रेंच शब्दापासून व्युत्पत्ती दिलेली आढळते. नागमोडी ओढा आणि आतडं, दिसायला जुळतं. पण 'क' असलेली जुनी रूपं त्यातून निघत नाहीत, त्यामुळे ती सोडून द्यावी.

याच 'बायुक'चं आखडलेलं रूप चोक्टॉत 'बोक'. ते इंग्रजी नकाशांवर 'बोग' म्हणून उतरलं: बोग चिट्टो म्हणजे मोठा ओढा, बोग फलाया म्हणजे लांब ओढा, आणि बोगालुसा गावाचं नाव काळ्या पाण्याच्या ओढ्यावरून. म्हणजे एकच शब्द दोन दारांनी आत आला. फ्रेंचांच्या दाराने आला तो बायू, इंग्रजांच्या दाराने आला तो बोग. अचाफलाया नदीतला 'फलाया' हाही तोच, लांब.

शब्दवेल्हाळ

धागा आवडला. पुरवणी जोडतो.

दलदलीसाठीचा अस्सल फ्रेंच शब्द 'मारे'. (आपल्या 'मारे ऐटीत'शी काही संबंध नाही.) हासुद्धा लॅटिनमधून आलेला नाही. फ्रँक लोकांच्या जर्मानिक भाषेतला 'मारिस्क' जुन्या फ्रेंचमध्ये शिरला, त्याचं पुढे मारे झालं. मुळाशी समुद्र किंवा तळं या अर्थाचा धातू आहे. इंग्रजीतला 'मार्श' याच कुळातला, पण तो फ्रेंचकडून घेतलेला नाही, घरचाच आहे. फ्रेंचकडून आलेला म्हणायचा तर 'मोरॅस', आणि त्याचा प्रवास गमतीचा: फ्रँकांकडून फ्रेंचमध्ये, फ्रेंचमधून डचमध्ये 'मुरास', आणि सतराव्या शतकात डचांकडून इंग्रजीत. आज तो प्रत्यक्ष चिखलापेक्षा कोर्टकज्जे आणि सरकारी घोळ यांच्यासाठीच जास्त वापरला जातो.

पॅरिसमधला ल मारे हा भाग, म्हणजे आजचा तिसरा आणि चौथा प्रभाग, सेनच्या उजव्या तीरावरच्या पाणथळ जागेवर उभा आहे. उपसा झालेल्या अशा काळ्या जमिनीत भाजीपाला उत्तम यायचा, त्यामुळे फ्रेंचमध्ये भाजी पिकवणाऱ्याला आजही 'मारेशे' म्हणतात, मग त्याचं शेत खडकावर का असेना. क्रांतीच्या काळात राष्ट्रीय सभेत खालच्या बाकांवर बसणाऱ्या, कुठल्याच टोकाला न गेलेल्या सभासदांनाही 'मारे' म्हणायचे. वरच्या बाकांवरचे 'डोंगर', खालचे 'दलदल'. राजकीय टोमणा म्हणून झकास.

अमेरिकेत फ्रेंच व्यापारी जिथे जिथे फिरले तिथे मारे मागे राहिला, पण अशा उच्चारात की पॅरिसच्या माणसाला पत्ता लागू नये. कॅन्ससमधली मारे दे सीन्य नदी म्हणजे हंसांची दलदल. स्थानिक लोक तिला 'मेर-ड-झीन' म्हणतात. १९ मे १८५८ रोजी गुलामगिरीच्या वादात तिच्या काठी पाच जणांना गोळ्या घालून ठार मारलं गेलं, म्हणून ते नाव अमेरिकेच्या इतिहासात आहे. इलिनॉयमधलं मेरेडोशिया गाव म्हणजे मूळचं 'मारे दोझिए', वाळुंजाच्या झाडांची दलदल.

तिरकस

म्हणजे गोळाबेरीज अशी: फ्रेंचांचा दलदलीचा शब्द फ्रँकांचा, आणि फ्रेंचांचा ओढ्याचा शब्द चोक्टॉंचा. फ्रेंचांनी काय केलं? शेवटची अक्षरं गाळली.

गाळपेर

शब्द झाला, आता जमीन. ती समजल्याशिवाय बायू कळत नाही.

लुईझियानातले मोठे बायू बहुतेक मिसिसिपीने टाकून दिलेले रस्ते आहेत. ही नदी दर हजारेक वर्षांनी त्रिभुज प्रदेशात मार्ग बदलत आली. बायू टेश हा एकेकाळचा तिचा मुख्य प्रवाह, बायू लाफूर्श हा नंतरचा. लाफूर्श म्हणजे फ्रेंचमध्ये बेचकं: डोनाल्डसनव्हिलपाशी नदीला फुटलेली ही फांदी सुमारे १०६ मैल जाऊन मेक्सिकोच्या आखाताला मिळते.

आता मुख्य मुद्दा. अशा बायूचा काठ हीच तिथली सगळ्यात उंच जागा असते. पुराचं पाणी काठाबाहेर पडलं की त्याचा वेग एकदम मरतो. जड वाळू काठालाच बसते, पोयटा थोडा पुढे जातो आणि बारीक चिकणमाती सगळ्यात मागे, सखलात. शेकडो पुरांत हे होत राहिलं की काठाला नैसर्गिक बांध तयार होतो आणि जमीन पाण्यापासून लांब जाताना उतरत जाते. उतार इतका मंद की डोळ्यांना कळत नाही, पण पाण्याला कळतो. बायूपासून पाठ फिरवून चालत निघालात तर क्रम असा लागतो: रस्ता, घरं, उसाचं शेत, मग ओलसर झाडी, आणि शेवटी सायप्रसची दलदल. तिला तिथलं फ्रेंच नाव 'सिप्रिएर'.

जमिनीची वाटणीही यावरूनच झाली. मोजमाप आर्पांचं, एक आर्पां म्हणजे सुमारे १९२ फूट. पट्टा काठाला काही आर्पां रुंद आणि मागे साधारण ४० आर्पां खोल, म्हणजे जवळजवळ २.३ किलोमीटर. प्रत्येकाला थोडा काठ, थोडं शेत, थोडं लाकूड. वारसांत समान वाटणी व्हायची आणि काठ कुणीच सोडायचा नाही, म्हणून पट्टा लांबीतच चिरत गेला. विमानातून आजही या फिती दिसतात. १७५५ मध्ये नोव्हा स्कोशियातून हाकललेले अकेडियन लोक १७६० च्या दशकापासून टेश आणि लाफूर्शच्या काठी वसले, तेच आजचे केजन.

दिशासुद्धा बायूवरून सांगतात. लाफूर्शच्या काठी उत्तर-दक्षिण कुणी म्हणत नाही. 'बायूवर', 'बायूखाली' आणि 'बायूपलीकडे', संपलं. एका तीराला १ नंबरचा महामार्ग, दुसऱ्या तीराला ३०८ नंबरचा. पूल कुठे आहे हे माहीत नसेल तर समोरच्या घरी जायला मैलोन्‌मैल वळसा.

त्या भागात फिरताना नकाशावर आणि पाट्यांवर दिसणारे आणखी काही शब्द:

लेव्ही: पुराला अडवणारा बांध. फ्रेंच 'उचललेला' वरून.
बॅचर: लेव्ही आणि नदी यांच्यामधली पट्टी. पुरात पाण्याखाली जाणार हे गृहीत धरायचं.
शेनिएर: किनाऱ्याजवळच्या पाणथळीतला शिंपल्या-वाळूचा लांबट उंचवटा. त्यावर ओकची झाडं, फ्रेंचमध्ये ओक म्हणजे 'शेन'. वादळात गुरं इथेच येऊन उभी राहतात.
कूली: नैऋत्येच्या गवताळ पठारावरची उथळ घळ. पावसात वाहते, एरवी कोरडी असू शकते.
फ्लोटाँ: तरंगती पाणथळ. गवताच्या मुळ्यांची जाड चटई, खाली पातळ चिखल किंवा नुसतं पाणी. वरून अगदी कुरण वाटतं. काठी दाबून बघायची. चटई फोडून ती सळकन खाली गेली तर पाय ठेवू नका.

वहाळकाठ

@गाळपेर, लाफूर्श आता वाहतो का? १९०४ च्या सुमारास तोंडाशी बांध घातला होता ना?

गाळपेर

हो. पुराचा त्रास नको म्हणून डोनाल्डसनव्हिलला नदीशी असलेलं तोंडच बंद केलं. बांध तात्पुरता, पुढे दारं बसवू, असं ठरलं होतं. तात्पुरत्या सरकारी कामाचं जे होतं तेच झालं.

परिणाम क्रमाने बघा. नदीचं गोडं पाणी बंद, त्यामुळे प्रवाह मेला. प्रवाह मेल्यावर गाळ यायचा थांबला आणि खालून आखाताचं खारं पाणी वर चढायला लागलं. साचलेल्या पाण्यावर जलपर्णी माजली. शेवटी १९५५ मध्ये पंप बसवून बांधावरून मिसिसिपीचं पाणी परत बायूत सोडावं लागलं, कारण काठच्या गावांना प्यायला पाणी तिथूनच लागतं. आज सुमारे तीन लाख माणसं त्या पाण्यावर आहेत.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर सगळ्या किनाऱ्याची. १९३२ ते २०१६ मध्ये लुईझियानाने किनाऱ्यावरची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन गमावली. लेव्हींमुळे गाळ थेट खोल समुद्रात जातो. जमीन मात्र स्वतःच्या वजनाने खचत राहते आणि तिच्यावर नवी भर पडत नाही. त्यात तेल कंपन्यांनी विहिरींपर्यंत बोटी न्यायला सरळ कालवे खणले. कालव्याच्या कडेला टाकलेल्या मातीचा ढीग पाण्याची पसरट ये-जा अडवतो, कालव्यातून खारं पाणी आत घुसतं, गोड्या पाण्याचं गवत मरतं, मुळ्या कुजतात, आणि मुळ्यांनीच धरून ठेवलेली माती विरघळून जाते. नागमोडी बायूतून खारं पाणी सावकाश आणि थोडं आत यायचं. सरळ कालव्याला तसा काही अडसर नाही.

केटीवासी

माहितीपूर्ण. पण इथल्या मराठी मंडळींचा संबंध येतो तो ह्यूस्टनच्या बायूंशी. तिथेही काठ उंच आणि मागे उतार असंच का? 'बायूव्ह्यू' म्हणून जाहिरात केलेली घरं बरीच आहेत.

रेगूर

नाही! इथेच फसायला होतं. शब्द तोच, जमीन उलटी.

ह्यूस्टनचे बायू मिसिसिपीचे फाटे नाहीत. ते गवताळ सपाटीवर पडलेल्या पावसाचं पाणी नेणारे स्थानिक नाले आहेत: बफेलो, व्हाइट ओक, ब्रेज, सिम्स, ग्रीन्स. त्यांनी मोठे नैसर्गिक बांध घातलेले नाहीत. ते जमिनीत कोरलेले आहेत. म्हणून तिथे काठ हा पाण्याचा पहिला बळी. नावावरूनही अंदाज येतो: लुईझियानात फ्रेंच क्रमाने 'बायू' आधी (बायू टेश, बायू लाफूर्श), टेक्सासात इंग्रजी क्रमाने नंतर (बफेलो बायू, ब्रेज बायू). नियम शंभर टक्के नाही, पण नकाशा वाचताना कामाला येतो.

ह्यूस्टन १८३६ मध्ये व्हाइट ओक आणि बफेलो बायूच्या संगमावर वसवलं गेलं, कारण बोट तिथपर्यंत यायची. भरती-ओहोटीचा परिणाम आजही डाउनटाउनच्या वर शेफर्ड ड्राइव्हपर्यंत पोचतो. म्हणजे आखातात वाऱ्याने पाणी चढलेलं असताना वरून पाऊस आला तर बायूला उतरायला वाव नसतो.

पाणी का तुंबतं? एक, उतार मैलाला फूट-दोन फूट. दोन, माती. चिकण, फुगणारी-आकसणारी, ओली झाली की पाणी आत घेतच नाही. आपली विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती याच गटातली. तीन, भूजलाचा उपसा. शिप चॅनलच्या, म्हणजे बंदराच्या जहाजमार्गाच्या, आसपास जमीन काही ठिकाणी दहा फुटांपर्यंत खचली, म्हणून १९७५ मध्ये उपशावर नियंत्रणासाठी वेगळं प्राधिकरण आलं. बेटाउनमधली ब्राउनवुड ही अख्खी वसाहत १९८३ च्या अलिशिया वादळानंतर सोडून द्यावी लागली. चार, काँक्रीट आणि डांबर.

१९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर १९३७ मध्ये हॅरिस काउंटीचं पूरनियंत्रण खातं झालं. बार्कर (१९४५) आणि ॲडिक्स (१९४८) ही दोन मातीची धरणं डाउनटाउन वाचवायला बांधली. एरवी त्यात पाणी नसतं, बागा आणि मैदानं असतात. ब्रेज आणि व्हाइट ओक सरळ करून काँक्रीटने मढवले. बफेलोचा शहराच्या पश्चिमेचा भाग मात्र साठच्या दशकात टेरी हर्शी आणि इतरांनी विरोध केल्यामुळे वाचला. काँक्रीटची नाली पाणी भरभर नेते खरी, पण खालच्या वस्तीला ते एकदम आणि एकाच वेळी पोचवते. म्हणून आता उलटा प्रवास चालू आहे: पात्र रुंद करणं, पूल उंच करणं, आणि साठवण तळी खणणं.

घर बघताना हा क्रम पाळा.

पहिलं, कुठला पाणलोट ते शोधा. घराच्या जवळचा बायू आणि घराचं पाणी जातं तो बायू एकच असेल असं नाही.

दुसरं, फेमाचा, म्हणजे केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा, पूरनकाशा. 'एई' म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यतेचा पट्टा, ज्याला शंभर वर्षांचा पूर म्हणतात. हा शब्दप्रयोग घातक आहे. ३० वर्षांच्या कर्जकाळात किमान एकदा पाणी येण्याची शक्यता त्यात २६ टक्के निघते. छटा असलेला 'एक्स' म्हणजे ०.२ टक्क्याचा पट्टा किंवा लेव्हीमागची जमीन. 'फ्लडवे', म्हणजे पुराचं पाणी वाहून जायला मोकळा ठेवायचा पट्टा, असं लिहिलं असेल तर बघायलाही जाऊ नका.

तिसरं, नकाशा कुठल्या साली केला ते. २०१८ मध्ये पावसाचे आकडे नव्याने काढले गेले आणि ह्यूस्टनसाठी २४ तासांचा १ टक्का पाऊस सुमारे १३ इंचांवरून १७-१८ इंचांवर गेला. जुना नकाशा जुन्या पावसाचा आहे.

चौथं, उंचीचा दाखला, म्हणजे एलिव्हेशन सर्टिफिकेट. त्यातली तळमजल्याच्या फरशीची उंची आणि पुराची अपेक्षित पातळी यांची वजाबाकी करा. शहराने सप्टेंबर २०१८ पासून पूरपट्ट्यातल्या नव्या बांधकामाला ०.२ टक्क्याच्या पातळीवर आणखी २ फूट अशी अट घातली. त्याआधीच्या घरांना ती लागू नाही.

पाचवं, विक्रेत्याचं प्रकटीकरण. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासमध्ये आधी पाणी शिरलं होतं का, घर धरणाच्या जलफुगवट्यात आहे का, हे विक्रेत्याने लेखी सांगावं लागतं. 'माहीत नाही' अशी खूण दिसली तर शेजारच्या दोन घरी जाऊन विचारा.

सहावं, काउंटीच्या पूर-इशारा संकेतस्थळावर सगळ्यात जवळचं मापक उघडा. तिथे पात्राच्या काठाची पातळी आणि जुन्या पुरांच्या पातळ्या दिसतात. काठ किती वेळा ओलांडला, हे जाहिरातीपेक्षा जास्त बोलकं असतं.

केटीवासी

केटीत (ह्यूस्टनच्या पश्चिमेचं उपनगर) घर बायूपासून लांब, छटा नसलेल्या एक्समध्ये, म्हणजे या दोन्ही पट्ट्यांच्या बाहेर असेल तर विमा टाळला तर चालेल ना? बँकही सक्ती करत नाही.

रेगूर

बँक सक्ती करत नाही कारण तिचा नियम नकाशाच्या रेषेवर चालतो. पाणी रेषा बघत नाही. २०१७ च्या हार्वी वादळात हॅरिस काउंटीत सुमारे १ लाख ५४ हजार घरांत पाणी शिरलं. त्यातली दोन-तृतीयांश १ टक्का पट्ट्याच्या बाहेर होती.

आणि केटीला वेगळं दुखणं आहे. बार्कर आणि ॲडिक्सच्या वरच्या अंगाची सरकारी मालकीची जमीन संपते समुद्रसपाटीपासून साधारण ९५ आणि १०३ फूट उंचीला. हार्वीत पाणी चढलं १०१.६ आणि १०९.१ फुटांपर्यंत. मधल्या सहा फुटांत लोकांची घरं होती, केटीजवळच्या सिंको रँच वसाहतीचा काही भागही त्यात आला. ती बायूकाठी नव्हती, धरणाच्या पोटात होती. त्याच वेळी धरण वाचवायला पाणी सोडलं आणि बफेलो बायूच्या खालच्या वस्त्या बुडाल्या. तेव्हा केटीत घराची उंची या दोन आकड्यांशी ताडून बघायची.

ह्यूस्टनच्या नैऋत्येच्या शुगरलँडला तिसरीच तऱ्हा. तिथे धोका ब्राझोस नदीचा. वस्त्या लेव्हीच्या आत आहेत. नदी चढली की लेव्हीची दारं बंद होतात आणि आतल्या पावसाचं पाणी पंपाने बाहेर फेकावं लागतं. पाऊस पंपाच्या ताकदीबाहेर गेला की आतल्या आत साचतं. लेव्ही जिल्ह्याचा कर मालमत्ता करात वेगळा दिसतो; तो भरताय तर पंप किती आणि कधी बदलले हे विचारायचा हक्कही आहे.

पाणपोई

विम्याबद्दल थोडक्यात. साध्या गृहविम्यात पुराचं पाणी धरत नाहीत. राष्ट्रीय पूरविम्यात घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख. दोन्ही वेगवेगळे घ्यावे लागतात आणि पुष्कळ लोक सामानाचा घ्यायचा विसरतात. पॉलिसी लागू व्हायला ३० दिवस जातात, त्यामुळे आखातात वादळ दिसल्यावर फोन करून उपयोग नाही. घरखरेदीच्या कर्जासोबत घेतली तर ही वाट बघावी लागत नाही. भाड्याने राहणारेही फक्त सामानाचा विमा घेऊ शकतात. गाडी यात येत नाही, ती गाडीच्या काँप्रिहेन्सिव्ह विम्यात.

ह्यूस्टनमध्ये रस्त्यात पाणी दिसलं म्हणजे बायू फुटला असं नसतं. तिथले रस्ते जोराच्या पावसात पाणी धरून ठेवायलाच बनवलेत. गटारांचा आकार नेहमीच्या पावसापुरता. पाणी फुटपाथपर्यंत येऊन दोन तासांत उतरलं तर व्यवस्था ठरल्याप्रमाणे चालली. गाडी मात्र त्या दोन तासांत रस्त्यावर नको.

खारफुटी

थोडं अवांतर. गोव्यातलं खाजण हे बायूच्या जवळचं वाटतं का? तिथेही खारं-गोडं पाणी, बांध, मागे शेत.

गाळपेर

दृश्य जवळचं, व्यवस्था वेगळी. खाजण माणसाने घडवलेलं: खाडीला बांध, त्यात मानस, म्हणजे भरतीला आपोआप मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं लाकडी दार, आत कोरगुट भात आणि पोंयीत मासे. मानस कुजला किंवा कुणी कोळंबीसाठी दार उघडं ठेवलं की खारं पाणी शेतात शिरतं. बायू आपला आपण झालेला असतो. पण खाजणातली पोंय, म्हणजे पाणी आत-बाहेर नेणारी वळणदार नळी, ती किनाऱ्यालगतच्या भरतीच्या बायूशी बरीच जुळते. भाषांतर करायचंच तर वाहत्या बायूला 'वहाळ', भरतीच्या बायूला 'खाडीचा फाटा', आणि विशेषनामात सरळ 'बायू'.

तिरकस

जलपर्णीचा उल्लेख आला म्हणून. आपल्या मुळा-मुठेत आणि उल्हासमध्ये माजते तीच ही, मूळची दक्षिण अमेरिकेची. लुईझियानाच्या बायूंत ती इतकी पसरली की १९१० मध्ये रॉबर्ट ब्रुसार्ड या तिथल्या खासदाराने अमेरिकी काँग्रेसमध्ये चक्क पाणघोडे आयात करायचं विधेयक मांडलं. पाणघोडे जलपर्णी खातील, आणि देशात मांसाची टंचाई होती म्हणून लोक पाणघोडे खातील! विधेयक बारगळलं. पुणे महापालिकेला कुणी कळवू नका.

शब्दवेल्हाळ

हसून हसून पुरेवाट. बरं, उच्चार: 'बायू' सर्वत्र चालतो. टेक्सासात 'बायो' असंही ऐकू येतं, दोन्ही रूढ आहेत. अलाबामातल्या बायू ल बात्रे या कोळंबीच्या बंदराचा उगम फ्रेंच 'बात्री', म्हणजे तोफखाना. आणि सगळ्यात लांब बायू लुईझियानातला नाही असं म्हणायला हरकत नाही: बायू बार्थोलोम्यू अर्कान्सात पाइन ब्लफजवळ उगवतो आणि सुमारे ३६० मैल रेंगाळून लुईझियानात वॉशिटा नदीला मिळतो.

केटीवासी

@पाणपोई, एक शेवटचं. विक्रेत्याकडे आधीची पूरविमा पॉलिसी असेल तर ती नव्या मालकाला मिळते का?

पाणपोई

मिळते, राष्ट्रीय पूरविम्याची असेल तर. ती घराबरोबर नव्या मालकाच्या नावावर करता येते, आणि जुन्या कमी हप्त्याची सवलत चालू असेल तर तीही सोबत येते. हप्ता दरवर्षी ठरावीक टक्क्यांपर्यंतच वाढतो. नवी पॉलिसी काढली की पूर्ण दर पहिल्या दिवसापासून. त्यामुळे ऑफर देतानाच विक्रेत्याकडून पॉलिसीचं पहिलं पान आणि उंचीचा दाखला मागून घ्या, आणि नावावर करण्याचा अर्ज क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण करण्याच्या, कागदांतच जोडा. मध्ये पॉलिसी एकदा खंडित झाली की ती सवलत गेली.